खाट बदलली की निर्णय बदलतो: पॅलिएटिव्ह सेडेशनचं एक प्रकरण

रुग्ण 62 वर्षांचे. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, वाई तालुक्यातल्या एका गावचे. फुफ्फुसाचा कर्करोग, निदान झालं तेव्हाच चौथ्या टप्प्यात. घरी बायको, पुण्यात बँकेत नोकरी करणारी मुलगी, मस्कतला मुलगा. पहिली केमो सात-आठ महिने लागू पडली, दुसरी मुळीच नाही. छातीतलं पाणी दोनदा काढलं, ते पुन्हा साठू नये म्हणून प्लुरोडेसिस केलं. तरी धाप वाढतच गेली, कारण रोग आता फुफ्फुसातल्या लसिकावाहिन्यांमधून (रक्तवाहिन्यांसारख्याच बारीक नळ्यांमधून) जाळ्यासारखा पसरला होता. अशा धापेला सुई घालून काढता येईल असं काही उरत नाही.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. अनेक रुग्णांच्या बाबतीत जे घडतं ते एकाच माणसावर घातलं आहे, त्यामुळे यात कुणाची ओळख शोधू नये. औषधांच्या मात्रा, कायदा आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत.

पॅलिएटिव्ह सेडेशन म्हणजे काय, तेही सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. सगळे उपाय करूनही धाप, भ्रम किंवा वेदना आटोक्यात येत नाहीत आणि मृत्यू जवळ आहे, अशा वेळी तो त्रास जाणवू नये इतपत रुग्णाची शुद्ध औषधाने कमी करणं. ती किती कमी करायची हे त्रास ठरवतो. काहींना नुसती डुलकी पुरते, काहींना गाढ गुंगी लागते. काहींना रात्रीपुरती, काहींना अखेरपर्यंत. यात मृत्यू घडवण्याचा हेतू नसतो आणि मात्राही त्या हेतूने ठरवलेली नसते. युरोपियन असोसिएशन फॉर पॅलिएटिव्ह केअरने 2009 मध्ये याची चौकट आखून दिली आणि 2024 मध्ये ती सुधारली. भारतात या उपचारासाठी वेगळा कायदा नाही.

मुंबई: आयसीयूच्या दारात

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रात्री आपत्कालीन विभागात आणलं तेव्हा रक्तातला ऑक्सिजन 82 टक्क्यांवर होता आणि श्वास मिनिटाला चाळीसच्या आसपास. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला: नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? मुलगी 'हो' म्हणणार होती. तेवढ्यात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टर आल्या. त्यांनी मॉर्फिनचं छोटं इंजेक्शन दिलं, रुग्णाला पलंगावर टेकवून बसवलं, तोंडासमोर पंखा लावला आणि श्वास थोडा खाली येईपर्यंत कुणालाच काही विचारलं नाही. मग प्रश्न केला तो मुलीला नाही, रुग्णाला.

ते म्हणाले, "त्या नळीवर नको. मला गुदमरून मरायचं न्हाई, आन हितंबी मरायचं न्हाई. झोप लावायची तर घरी लावा."

हे वाक्य केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत उतरवलं गेलं. पुढच्या दिवसांतल्या प्रत्येक वादात कामाला आलं ते हेच. शुद्धीत असलेला, समजून-उमजून बोलणारा प्रौढ माणूस उपचार नाकारू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या 'कॉमन कॉज' निकालात स्पष्ट केलं आहे. त्या निकालातली आणि 24 जानेवारी 2023 च्या सुधारणेतली दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया लागते ती रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल आणि जीवरक्षक उपचार न देण्याचा किंवा काढण्याचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा. इथे रुग्ण बोलत होता. पण हाच माणूस तासाभराने बेशुद्ध होऊन आला असता, तर त्याची इच्छा जाणून घ्यायला सहा माणसं आणि कागदांचा गठ्ठा लागला असता. बहुतेक कुटुंबं मग 'डामा' लिहून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो अशी सही करून, माणसाला घरी घेऊन जातात. तो सुटतो खरा, पण सोबत ना मॉर्फिन असतं, ना रात्री फोन उचलणारं कुणी.

आयसीयूबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ते व्हेंटिलेटरवर गेले असते तर त्यांना गुंगी आणणारं मिडाझोलाम आणि वेदनाशामक फेन्टानिल चालू झालंच असतं, तासाला 2 ते 5 मिलिग्रॅम मिडाझोलाम सहज. कुणी नातेवाइकांची वेगळी संमती घेतली नसती, कुणाला 'आपण मारतोय का' असं वाटलं नसतं. तेच औषध, त्याहून कमी मात्रेत, व्हेंटिलेटर नसलेल्या खाटेवर द्यायचं म्हटलं की सगळ्यांचे हात थरथरतात. औषधाला एवढं घाबरायचं कारण असतं तर आयसीयूतही घाबरायला हवं होतं. भीती असते ती त्या औषधामागे यंत्र नसण्याची.

तीन दिवसांनी घरी पाठवलं. सोबत मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी, बद्धकोष्ठासाठी जुलाबाचं औषध, सूज कमी करणारं डेक्सामेथासोन, भाड्याने घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, शांत करणाऱ्या लोराझेपामच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणि आमच्या पॅलिएटिव्ह केअर पथकाच्या गृहसेवेचा फोन नंबर. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं की धाप गोळ्यांनी थांबेनाशी झाली तर झोपेचं औषध देऊ, आणि त्या झोपेतून ते कदाचित उठणार नाहीत. तिने विचारलं, "म्हणजे औषधामुळं का?" उत्तर 'आजारामुळं' असं होतं. पण आमच्या अनुभवात हा प्रश्न एकदाच येत नाही, म्हणून आमच्या नर्सने तो पुढे प्रत्येक भेटीत आपण होऊन काढला.

घर: पहिल्या रात्री आणि लघवीची पिशवी

चौथ्या रात्री दीड वाजता मुलीचा फोन आला. आबा उठून बसतायत, ऑक्सिजनची नळी ओढून काढतायत, "गाडी डेपोत लावायचीय" म्हणून दाराकडे जायला बघतायत, बायकोला ओळखत नाहीत. हा भ्रम, डेलिरियम. जगभरात सेडेशनचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. माल्टोनी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 11 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात सेडेशन दिलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये कारण भ्रमाचं होतं, आणि धाप त्यानंतर. आपल्याकडे मात्र कर्करोग म्हटला की चर्चा फक्त वेदनेची होते.

रात्रीपुरतं फोनवरून लोराझेपाम जिभेखाली द्यायला सांगितलं आणि सकाळी नर्स पोहोचली. तिने शामक औषधाला हात लावायच्या आधी पोट चाचपलं. बेंबीपर्यंत मूत्राशय भरलेलं. मॉर्फिनने लघवी अडकते आणि भ्रमातला माणूस ते सांगू शकत नाही. कॅथेटर घातल्यावर आठशे मिलिलिटर लघवी निघाली आणि तडफड निम्म्यावर आली. डेक्सामेथासोन संध्याकाळी दिलं जात होतं, त्यानेही झोप उडते. ते सकाळवर आणलं. रक्त वाईच्या लॅबमध्ये पाठवलं. कॅल्शियम ठीक, क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडं मंदावली की मॉर्फिनचे अंश साठतात आणि स्नायू दचकल्यासारखे उडतात. तसे ते उडत होतेच. मॉर्फिनच्या दोन मात्रांमधलं अंतर वाढवलं.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. 'सगळे उपाय थकले' हे वाक्य घरच्या खाटेशेजारी फार लवकर उच्चारलं जातं, कारण तिथे उपाय करून बघायला माणूसच नसतो. रुग्णालयात भरलेलं मूत्राशय पहिल्या फेरीत सापडलं असतं. घरी ते सापडलं नसतं तर तुंबलेल्या लघवीवर आम्ही मिडाझोलाम देत बसलो असतो आणि त्याला सेडेशन म्हटलं असतं. याची दुसरी बाजूही आहे. हॉस्पिटलात हीच तपासणी कधी कधी संपतच नाही: एक सीटी, एक एमआरआय, आणखी एक रक्त. तोवर माणूस तडफडत राहतो.

पुढच्या दोन रात्री भ्रम पुन्हा आला, धापही वाढली. भ्रमावरच्या हॅलोपेरिडॉलने दिवस निभावला, रात्र नाही. तेव्हा रात्रीपुरतं सेडेशन ठरलं: पोटावरच्या कातडीखाली बटरफ्लाय सुई बसवून ठेवायची, त्यातून 2.5 मिलिग्रॅम मिडाझोलाम, गरज पडली तर चार तासांनी पुन्हा. थोडं थोडं औषध आपोआप सोडणारा सिरिंज पंप नव्हता. नर्सने सिरिंजा भरून, वर वेळ लिहून, डब्यात ठेवल्या आणि मुलीकडून पाण्याने सराव करून घेतला. नाकात फवारायचा मिडाझोलाम, जो मुळात फिटसाठी मिळतो, तोही सुई निघालीच तर म्हणून दिला. शामक सुरू करायच्या आधी, संध्याकाळी ते भानावर असताना, मस्कतला व्हिडिओ कॉल लावला. बापलेक पाचेक मिनिटं बोलले, बहुतेक पावसाबद्दल आणि विहिरीच्या मोटारीबद्दल.

सेडेशनच्या पहिल्या दोन्ही रात्री ते झोपले. दोन्ही सकाळी उठले, चहा प्यायले, एका सकाळी दाढी करून मागितली. रात्रीपुरतं सेडेशन किती उपयोगी आहे आणि आपल्याकडे किती कमी वापरलं जातं, याचा हा नमुना. लोकांच्या आणि अनेक डॉक्टरांच्याही मनात सेडेशन म्हणजे एकच शेवटचं बटण असतं.

या सगळ्यात गावचे फॅमिली डॉक्टर कुठे होते? ते रोज येत, रक्तदाब बघत, बायकोला धीर देत. पण मिडाझोलाम स्वतः टोचायला त्यांनी नकार दिला. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांचं म्हणणं असं: "मी हे इंजेक्शन दिलं आणि तासाभराने माणूस गेला, तर गाव म्हणणार डॉक्टरने इंजेक्शन देऊन मारलं. तुम्ही पुण्यात असाल, मी इथंच असणार." शिवाय औषध ठेवायचं कुठून? मिडाझोलाम 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, मनोवर्ती (मनावर परिणाम करणाऱ्या) पदार्थांच्या यादीत आहे आणि औषध नियमांच्या एच-1 परिशिष्टातही, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांत. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांना 'अत्यावश्यक अमली औषधं' ठरवून मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली; मिडाझोलाम त्या सहांत नाही. तालुक्याच्या मेडिकलवाल्याला ते ठेवण्यापेक्षा न ठेवणं परवडतं.

नेदरलँड्समध्ये याच्या उलट चित्र आहे. तिथे 2005 पासून डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मृत्यू साधारण एक-दोन आठवड्यांत अपेक्षित असेल तरच अखेरपर्यंतचं सेडेशन, अशी अट आहे, आणि घरी ते फॅमिली डॉक्टरच देतात. फ्रान्सने 2016 मध्ये ठराविक अटींवर मृत्यूपर्यंतच्या गाढ सेडेशनचा हक्कच कायद्यात आणला. मुळात या विषयावरचा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास घरच्याच रुग्णांचा होता: इटलीत व्हेन्टाफ्रिडा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये घरी सेवा घेणाऱ्या 120 कर्करुग्णांबद्दल लिहिलं, त्यातल्या निम्म्याहून किंचित जास्त जणांचा त्रास शेवटी गुंगीनेच आवरला. म्हणजे घर ही सेडेशनसाठी गैरसोयीची जागा आहे, हा काही वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष नव्हे.

तरीही घर सोडावं लागलं. त्याचं कारण औषध नव्हे, बायको होती. तिसऱ्या रात्री तिला चक्कर आली. मुलगी एकटी, रात्रभर जागी, हातात सिरिंज. "मी दिलेल्या इंजेक्शननंतर आबा गेले तर?" हे ती बोलली नाही, नर्सने तिच्या तोंडून काढलं. रुग्णाचा शब्द घरी मरण्याचा होता आणि तो पुरा करायला अजून दोन माणसं लागणार होती. भाऊबंद येत, बसत, चहा घेऊन जात. रात्री कुणी थांबत नव्हतं. आम्ही रुग्णालाच विचारलं. ते सकाळी स्पष्ट होते. म्हणाले, "तिला झोपू द्या. मला न्या."

हॉस्पिस: मस्कतचं विमान

भारतातलं पहिलं हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणारं केंद्र), शांती अवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्यात सुरू झालं. पुण्यात वारज्याचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. इतक्या वर्षांनंतरही सातारा जिल्ह्यातल्या माणसाला अशा खाटेसाठी खंबाटकीचा बोगदा ओलांडून यावं लागतं. निघण्याआधी मिडाझोलामची एक मात्रा देऊन रुग्णवाहिकेत घेतलं, प्रवासात त्रास झाला नाही.

दाखल झाल्यावर दुपारी धाप भयंकर वाढली आणि भ्रम आता ओसरेनाच. दोन डॉक्टर, नर्स आणि सामाजिक कार्यकर्ती यांनी एकत्र बसून ठरवलं आणि कागदावर लिहिलं: कोणतं लक्षण, काय काय करून झालं, मृत्यू काही दिवसांत अपेक्षित, रुग्णाचे मुंबईतले शब्द, बायको आणि मुलीशी झालेलं बोलणं. मग कातडीखालून 2.5 मिलिग्रॅम मिडाझोलाम आणि पाठोपाठ सिरिंज पंपावर तासाला 1 मिलिग्रॅम. मॉर्फिन थांबवलं नाही, तोंडातून जात होतं ते निम्म्या मात्रेने कातडीखालून सुरू ठेवलं. झोपवण्यासाठी मॉर्फिन चढवायचं, ही जुनी खोड अजूनही दिसते. त्याने झोप लागतेच असं नाही. उलट स्नायू उडतात, भ्रम वाढतो आणि मग 'औषध कमी पडतंय' म्हणून पुन्हा मॉर्फिनच चढवलं जातं. संध्याकाळपर्यंत मिडाझोलाम तासाला 2 मिलिग्रॅमवर गेलं. चेहरा सैल झाला, कपाळावरची आठी गेली, हाक मारली तर पापणी हलत होती. याहून खोल नेण्याचं कारण नव्हतं, नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा मस्कतहून आला आणि त्याने पहिलंच वाक्य उच्चारलं, "औषध बंद करा, मला त्यांच्याशी बोलायचंय."

इथे आमच्यातच मतभेद झाले. नर्सचं म्हणणं होतं की दोन तास मात्रा निम्मी करून बघावी. मिडाझोलाम लवकर उतरतं, आणि मुलगा उरलेलं आयुष्य हे धरून बसेल. डॉक्टर नको म्हणाले: उठले तर भ्रमातच उठतील, आणि गुदमरत उठतील. मला डॉक्टरांचं पटलं, पण नर्सची बाजू कच्ची होती असं मी म्हणणार नाही. धाप नसती, फक्त वेदनेसाठी सेडेशन असतं आणि वेदना आता काबूत असती, तर मात्रा उतरवून बघणं योग्यच ठरलं असतं. मुलाला मुंबईचा केसपेपर दाखवला. 'गुदमरून मरायचं न्हाई' हे त्याने वाचलं. त्याचा राग गेला नाही, पण तो औषधावरचा हटून आमच्यावर आला: आधी का कळवलं नाही, इथं का आणलं. तो राग ऐकून घेणं हाही उपचाराचाच भाग आहे. बाप ऐकत असेल असं धरून बोला, असं त्याला सांगितलं. तो बोलला.

मग सलाइनचा प्रश्न. "उपाशीपोटी कसं जाऊ द्यायचं?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला, पण घरातल्या सगळ्यांचा होता. सेडेशन आणि सलाइन हे दोन वेगळे निर्णय आहेत. एक केला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. इथे सेडेशनच्या आधीच दोन दिवस ते घोटभरच पाणी घेत होते, पायांना सूज होती, छातीत घरघर होती. सलाइनने घरघर वाढली असती. ते दिलं नाही, पण तोंड ओलं ठेवण्याचं काम बायकोकडे दिलं: ओल्या कापसाने ओठ, हिरड्या, जीभ, दर तासाला. तिने आपली छोटी कुपी काढली, गंगाजळाची. तोंडात ओतायचं नाही, घशात जाईल. कापूस त्यातच भिजवायचा, असं ठरलं. तुळशीचं पान ओठांवर टेकवलं.

तिची खरी चिंता वेगळी होती, ती तिने सामाजिक कार्यकर्तीला सांगितली. हे दरवर्षी आषाढीला वारीत चालायचे. अखेरच्या क्षणी तोंडी विठ्ठलाचं नाव असावं, आणि आम्हीच त्यांची शुद्ध घालवली. युरोपातल्या चौकटीत या प्रश्नाला जागा नाही, महाराष्ट्रात तो जवळजवळ प्रत्येक वारकरी घरात येतो. त्यावर आम्ही धर्माचं उत्तर दिलं नाही, तो आमचा अधिकार नाही. वैद्यकीय उत्तर इतकंच होतं की गुंगीच्या आधी जी शुद्ध होती ती भ्रमाची होती. त्यात ते तिला ओळखत नव्हते, नाव कुठून घेणार? धाकट्या दिराने मोबाइलवर हरिपाठ लावला आणि उशाशी ठेवला. खाली घेण्याचा, म्हणजे शेवटी जमिनीवर झोपवण्याचा विषयही निघाला. पंप बारीक असतो, नळी लांब असते. जमिनीवर गादी घालून दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. शेवटचे बारा तास मात्रा तीच होती.

नंतरची बैठक

'औषधाने दिवस कमी झाले का' हे मुलाने पुन्हा विचारलं, आणि ते विचारायलाच हवं. इटलीत 2009 च्या अभ्यासात माल्टोनी यांनी 518 रुग्णांची तुलना केली: सेडेशन दिलेल्यांचं मध्यक आयुष्य 12 दिवस, न दिलेल्यांचं 9. जपानमध्ये 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला 1827 रुग्णांचा अभ्यास रुग्णालय, पॅलिएटिव्ह विभाग आणि घर अशा तिन्ही ठिकाणच्या लोकांचा होता. त्यातही गाढ सेडेशनने आयुष्य अर्थपूर्ण प्रमाणात घटल्याचं दिसलं नाही. यातल्या एकाही अभ्यासात सेडेशन कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नाही, तसं करणं नैतिक दृष्ट्या अवघडच आहे. त्यामुळे '12 विरुद्ध 9' वरून सेडेशनने आयुष्य वाढतं असं कुणी म्हणू नये. एवढं म्हणता येतं की योग्य मात्रेत दिल्यास ते मृत्यूचं कारण ठरल्याचं दिसत नाही.

गावचे फॅमिली डॉक्टर त्या बैठकीला फोनवर होते. त्यांचा प्रश्न सगळ्यांत व्यवहारी होता: हे घरीच वारले असते, रात्रीचं मिडाझोलाम चालू असताना, तर फॉर्म 4-अ मध्ये मी काय लिहिलं असतं? संस्थेबाहेरच्या मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा तो फॉर्म असतो, आणि ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करायची असते. उत्तर असं: तात्काळ कारण कर्करोगाचा फुफ्फुसातल्या लसिकावाहिन्यांमधला प्रसार, मूळ कारण फुफ्फुसाचा कर्करोग. मिडाझोलाम त्या फॉर्मवर कुठेच येत नाही, जसं मॉर्फिन येत नाही. ते येतं घरच्या फाइलमध्ये: कधी, किती, कशासाठी, कुणी सांगितलं, कुणी दिलं, आणि दिल्यानंतर श्वास कसा होता. त्यांनी विचारलं, ती फाइल कोण ठेवणार? आम्ही म्हटलं, आमची नर्स भरेल, तुमची फक्त प्रत्येक भेटीची सही. ते म्हणाले, मग पुढच्या रुग्णाला सुई मी बसवेन, पण पहिली मात्रा तुमची नर्स देईल.